शाळा नऊचीच राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परवा लेकीच्या शाळेत पालकसभेला पुन्हा तोच विषय निघाला : प्राथमिकचे वर्ग पूर्वीसारखे सकाळी सातला भरवा. रिक्षावाल्यांच्या फेऱ्या जमत नाहीत, नोकरीवाल्या आयांची ओढाताण होते, ही कारणं काही खोटी नाहीत. तिथे उठून बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून हे पत्र.

मी सातपूरच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. भत्ता मिळतो म्हणून कायमची तिसरी पाळी मागून घेतली. ती सकाळी सातला सुटते. लेक पहिलीत होती तेव्हा मी दारात बूट काढेपर्यंत तिची प्रार्थनाही होऊन गेलेली असायची, आणि ती घरी यायची तेव्हा मी घोरत. तिच्या जन्माच्या वेळी मला दोन दिवस रजा मिळाली होती. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला पंधरा दिवस मिळतात, खासगीत तसा कायदाच नाही. असो, तो विषय वेगळा.

२०२४ साली सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका म्हणून सांगितलं. हेतू एवढाच, की पोरांची झोप पुरी व्हावी. आमच्या घरात त्यातून भलतंच निघालं. आता मी साडेसातला येतो तर लेक अजून पांघरुणात असते. बायको पोळ्या लाटते, मी वेण्या घालतो. दोनदा साबण लावला तरी मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास जात नाही. "पप्पा, तुझ्या हाताला लोखंडाचा वास येतो," हे रोजचं. सुरुवातीला बायको माझी वेणी सोडून पुन्हा घालायची. आता सोडत नाही. भांग वाकडा तर वाकडा, लाल रिबिनी बांधून लेक तशीच निघते.

ती गेली की आम्ही दोघं उरलेला गवती चहा गरम करून घेतो. बोलणं फार नसतं. सिलिंडर किती दिवस पुरेल, सासूबाईंचे गुडघे, एवढंच. कधी कधी तेही नाही. मग मी आडवा होतो, आणि हल्ली झोप लगेच लागते. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण असा चहा आम्ही गेल्या दोनच वर्षांत प्यायला लागलोय.

रिक्षाचीच अडचण असेल, तर आमच्या गल्लीतल्या चार पोरींना शाळेत सोडायला मी तयार आहे. वेण्या मात्र त्यांनी घरूनच घालून याव्यात.

आपला,
एक पालक, सातपूर, नाशिक