बैठकीच्या आधी

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, “रविवारी बैठक ठेवली आहे. दोन्हीकडची चार मोठी माणसं बसू, दोघांना समोरासमोर बसवू आणि पोरीला नांदायला पाठवू.” मी वर्ग संपवून जिन्यात उभी होते. “बरं” म्हणून फोन ठेवला, पण मला ते पटलेलं नव्हतं. म्हणून हे पत्र. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा आई, तू मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

काकांची नात नवऱ्याच्या त्रासामुळे माहेरी आली आहे, तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सवयच लागली आहे. माझ्या वह्यांमध्ये बायकांना नावं नसतात, क्रमांक असतात. वही चुकून कुणाच्या हाती लागली तर तिच्या घरी काही पोचू नये.

बाबा, तुम्ही मला कितीदा विचारलंत, पीएच.डी. केलीस, इतकी वर्षं कॉलेजात शिकवतेस, पण नेमकं काय शिकवतेस? मी दर वेळी “कौटुंबिक समुपदेशन” एवढंच सांगून विषय बदलला. खरं उत्तर आपल्याच वाड्यातून सुरू होतं, म्हणून जीभ रेटत नव्हती.

मागच्या खोलीतल्या वहिनी आठवतात? मी सातवीत होते. रात्री कडी वाजली. आईने दार उघडलं तर त्या उभ्या, मनगट टम्म सुजलेलं. “मोरीत पडले,” म्हणाल्या. आई, तू एक शब्द विचारला नाहीस. हळद गरम करून लावलीस, माझ्या शेजारी गोधडी अंथरलीस आणि दाराला अडसर लावलास. एरवी आपण तो कधी लावत नसू.

सकाळी बाबा टोपी घालून त्यांना परत घेऊन गेले. नवऱ्याला खडसावलं, त्याने पायावर हात ठेवून शपथ घेतली, सगळ्यांनी चहा घेतला. बाबा, घरी आलात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं! तुमच्या मनात वहिनींचं भलंच होतं, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. पण त्यानंतर त्यांच्या खोलीतला रेडिओ संध्याकाळी मोठ्याने लागू लागला. बातम्या असोत, शेतीचा कार्यक्रम असो, आवाज तसाच. वहिनींनी आपली कडी पुन्हा कधी वाजवली नाही. वाजवली तर सकाळी बाबा परत नेऊन सोडणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. दिवाळीनंतर त्यांनी बिऱ्हाड हलवलं.

देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकायला गेले तेव्हा कळलं की 1984 मध्ये याच संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. मार खाल्लेली बाई धीर करून पोलिसांकडे येते, तर तिचं ऐकायला तिथेच समाजकार्यकर्ती हवी, असा विचार. मला तो मनापासून पटला आणि शिक्षण संपल्यावर मीही एका पोलीस ठाण्यात समुपदेशक म्हणून बसू लागले. “मुलगी चौकीत बसते” म्हणून नातेवाइकांनी तुम्हाला टोमणे मारले. बाबा, तुम्ही ते माझ्यापर्यंत येऊ दिले नाहीत. आईने फार पुढे सांगितलं.

आणि पहिल्याच वर्षी मी काय केलं? तुमचीच बैठक. नवरा-बायकोला टेबलापाशी शेजारी शेजारी बसवलं आणि तिला म्हटलं, “मोकळेपणाने बोल.” ती बोलली. तो खाली मान घालून ऐकत होता. त्याने लेखी हमी दिली, खाली सही केली. मी फायलीवर ‘समेट’ असं लिहिलं. तीन आठवड्यांनी ती हाताला प्लास्टर घालून आली. म्हणाली, “मॅडम, मी तुमच्यासमोर बोलले ना, तेच त्याला लागलं.” चूक माझी होती. माझं पुढचं सगळं संशोधन तिच्या त्या एका वाक्यातून निघालं आहे.

बाई खरं केव्हा बोलते, कुणापुढे बोलते, कसं विचारल्यावर बोलते, हेच मी इतकी वर्षं शोधते आहे. “नवरा मारतो का?” विचारलं की उत्तर येतं, “छे, मारत नाही हो.” थांबून विचारलं, “कधी थप्पड? केस ओढले? हात पिरगळला?” की मग, “हात उचलतो कधीतरी, रागात.” राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही म्हणूनच एकेक कृती वेगळी विचारतात. एका घरातल्या एकाच बाईला, तीही एकटी असताना. आडोसा मिळत नसेल तर ते प्रश्न सोडून देतात. 2019-21 च्या सर्वेक्षणात असा त्रास सोसलेल्या बायकांपैकी कुठेतरी मदत मागितलेल्या होत्या फक्त 14 टक्के. 77 टक्के बायकांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. आपली पोर बॅग घेऊन माहेरी आली, आजीजवळ बोलली. केवढं धाडस केलंय तिने! आणि आपण तिला चार पुरुषांसमोर, त्याच्याच डोळ्यांदेखत, पुन्हा सगळं सांगायला लावणार?

बाबा, रविवारची बैठक रद्द करा. काकांना तुमचाच शब्द पटेल.

आई, काम तुझ्याकडे आहे. तिला आपल्याकडे बोलाव, शेंगा निवडायला घे, आणि दोघीच असताना विचार, त्याने कधी गळा दाबला होता का? शब्द असाच वापर. डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, आवाज बसला होता का, तेही विचार. गळ्यावर पुष्कळदा वळसुद्धा उठत नाही, त्यामुळे बायका ते मारहाणीत धरत नाहीत. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचारिकेने 1986 मध्ये धोका ओळखण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे तिकडच्याच एका अभ्यासात दिसलं की जिचा गळा आधी कधी दाबला गेला आहे, तिचा जोडीदाराच्या हातून खून होण्याचा धोका सातपटीहून अधिक असतो. ती “हो” म्हणाली तर मला लगेच फोन कर, मध्यरात्र असली तरी.

बाबा, तुम्ही विचाराल, म्हणजे संसार मोडायचा का? मी कुणाचाही संसार मोडायला सांगितलेला नाही. पुष्कळ जणी परत जातात, त्यांना मी अडवत नाही. पण ते तिने ठरवायचं, आणि परत यायची वाट उघडी आहे हे माहीत असताना ठरवायचं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कुणाच्याही नावावर असो. याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी तिचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, अर्जावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी असं कायदा सांगतो. कागदांचं मी बघते. तुम्ही तिला एवढंच सांगा, की बेटा, रात्री-अपरात्री कधीही ये, सकाळी तुला परत सोडायला मी येणार नाही. तुमच्या तोंडून हे ऐकलं की तिला जो धीर येईल, तो माझ्या सगळ्या पदव्या घेऊन मी देऊ शकणार नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीने निघते, दुपारी वाईत पोचेन. डोळ्यांत औषध वेळेवर घालताय ना? आई, तिला रात्री आपल्याकडेच ठेवून घे, आणि माझं अंथरूण तिच्या शेजारी घाल.

तुमची,
ताई