गुण्याची जागा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "मागच्या खोलीत रात्र-रात्र करतेस तरी काय?" आणि नेमका तेव्हाच आवाज तुटला. पुन्हा लावला तेव्हा तुम्ही झोपला होतात, म्हणून सगळं नीट लिहूनच कळवते. माझी तब्येत उत्तम आहे. ऑफिसचं नेहमीचंच चालू आहे. नवीन आहे ती भिंत.

माझी हत्यारं दोन खोक्यांत कोंबलेली तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलीच होती. पक्कड हवी असली तरी अर्धं खोकं जमिनीवर उपसावं लागायचं. एकदा त्या उपशात पटाशीची धार बोटाला लागली. आई, हे तुला सांगितलं नव्हतं. जखम लहान होती, आता खूणही नाही. पण तेव्हाच ठरवलं की प्रत्येक हत्याराला भिंतीवर स्वतःची जागा करायची, आणि ती प्लायवूडची, लेझरने कापून.

बाबा, लेझर म्हटल्यावर तुम्ही काळजीत पडणार, म्हणून आधी एक सांगते. माझ्या यंत्रात जो कार्बन डायऑक्साइडचा लेझर आहे तो १९६४ साली बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंग पुण्याच्या सरकारी कॉलेजातलं. हे वाचलं तेव्हा यंत्राकडे बघायची माझी नजरच बदलली. याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे उष्णतेचाच तो एक प्रकार. लाकूड तो करवतीसारखा कापत नाही, एका बारीक रेषेत जाळत जातो. रेषेइतकं लाकूड धूर होऊन निघून जातं आणि काठ कोळशासारखा काळा होतो.

या रेषेनेच मला पहिले दोन आठवडे रडवलं. मी ६ मिलिमीटरचं प्लाय आणलं आणि हत्यारं टांगायचे त्याच प्लायचे हूक बसवायला लेझरला द्यायच्या चित्रात ६ मिलिमीटरच्या खाचा काढल्या. कापून बघते तर हूक खाचेत डुगडुगायला लागले. व्हर्नियर लावला तर प्लाय भरलं ५.७. त्यात किरणाने स्वतःच्या जाडीचे ०.२ खाल्ले, म्हणजे खाच झाली ६.२. एवढ्या फटीत हूक कसा उभा राहणार? मग टाकाऊ तुकड्यावर ५.४ पासून ६.० पर्यंत, ०.१ च्या फरकाने, कंगव्यासारख्या खाचा कापल्या आणि एकेकीत हूक घालून पाहिला. ५.५ ला तो अंगठ्याच्या जोराने आत गेला आणि टक् असा आवाज आला. बाबा, तुम्ही सांध्याची चूल खाचेत बसली की हातोडी खाली ठेवून नुसतं "हं" म्हणायचात ना, तसाच तो आवाज! गोंदाचा थेंबही लागला नाही. आता नवीन प्लाय आणलं की मी आधी तो कंगवाच कापते, कारण एका फळीचं माप दुसरीला लागू पडेल याची खात्री नाही.

पहिला मोठा हूक मात्र हातोडी टांगताच मानेतून मोडला. तो मी फळीवर आडवा मांडून कापला होता. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात हे मला माहीत होतं. पण माझ्या फळीत पाच थर आहेत, त्यातले तीन एका दिशेने आणि दोनच दुसऱ्या. हुकाची मान तीन थरांच्या दिशेने ठेवायला हवी. तुम्ही "लाकडाची रग बघ" म्हणायचात, म्हणजे रेषा कुठल्या दिशेने जातात ते बघ, ते मला प्लायमध्ये लागू होत नाही असं वाटायचं. होतं.

फळ्या भिंतीला थेट ठोकलेल्या नाहीत. घर भाड्याचं आहे, मला विसर पडलेला नाही. दोन पट्ट्या ४५ अंशांत तिरप्या कापल्या. एक भिंतीवर धार वर करून लावली, दुसरी फळीच्या मागे धार खाली करून, आणि एकीवर दुसरी अडकवली. लेझर सरळ खालीच कापतो, तिरपं त्याला जमत नाही, म्हणून या पट्ट्या हाताने करवतीने कापल्या. भिंतही पोकळ आहे, आत लाकडी खांब आणि वरून जिप्समचे पत्रे. खांब शोधायला छोटं लोहचुंबक भिंतीवरून फिरवायचं. आतल्या स्क्रूच्या डोक्यावर ते चिकटतं, तिथे खांब! आठ स्क्रूंवर सगळी भिंत उभी आहे. घर सोडताना आठ भोकं बुजवली की झालं.

आता इथली एक गोष्ट, जी मला कितीतरी दिवस कळतच नव्हती. इथे बऱ्याच कामाच्या खोल्यांत हत्याराच्या मागे भिंतीवर त्याच हत्याराची सावली रंगवलेली असते. हातोडीमागे हातोडीच्या आकाराचा डाग, पान्यामागे पान्याचा. आई, तुझ्या मांडणीत डोळे मिटून हात घातलास तरी हवा तोच डबा हाताला येतो, तुला कुठे खूण लागते? मला वाटलं, ही माणसं एवढी विसरभोळी आहेत का? पण तसं नाही. सावली नुसती हत्याराची जागा दाखवायला नसते. जागा रिकामी आहे हेही ती दाखवते. काम संपवून दिवा घालवताना एकदा भिंतीकडे बघायचं. कुठे नुसती सावली दिसली की ते हत्यार टेबलाखाली राहिलंय किंवा कुणाच्या तरी खिशात गेलंय. मोजदाद करावी लागत नाही. एकाने पाना यंत्रातच विसरून यंत्र चालू केलं तर काय होईल, याचा विचार करून ही सवय लागली असावी असं मला वाटतं. मी पण केलं. हत्यार कागदावर ठेवून वरून फोटो काढला, कडा काढल्या, सगळीकडून २ मिलिमीटर वाढवल्या आणि लेझरची ताकद कमी करून फळीवर नुसत्या भाजून घेतल्या. मधोमध बाबांनी निघताना दिलेला गुण्या आहे, काटकोन तपासायचं हत्यार. त्याचा काटकोन फळीवर इतका सुरेख उमटलाय की गुण्या काढला तरी बघत राहावंसं वाटतं.

आता तुमच्या काळज्या. धूर खोलीत राहत नाही, पाइपने खिडकीबाहेर जातो. झाकण उघडलं की किरण आपोआप बंद होतो. यंत्र चालू असताना मी एक मिनिटही उठत नाही, फोन वाजला तरी. त्या दिवशी तीनदा उचलला नाही तो यामुळेच, रागाने नाही. आग विझवायचं सिलिंडर हाताशी असतं. पीव्हीसी त्यात कधीच घालत नाही, त्यातून विषारी वायू निघतो. एवढी काळजी मी घेते, तुम्ही खरंच निर्धास्त राहा.

घरचे पैसे सोमवारी पाठवले, बघून कळवा. आई, तू सांगितलेल्या मुलाशी मी दोनदा बोलले. चांगला आहे, शांत आहे. तिसऱ्यांदा बोलायचं माझ्याकडूनच राहिलं, भिंतीच्या नादात. त्याच्या आईला तू काही सांगू नकोस, मीच आज फोन करते.

आणि एक सांगायचं होतं, ते फोनवर जमलं नसतं. यंत्र वापरलेलं घेतलं, तरी त्यातले निम्मे पैसे उन्हाळ्याच्या तिकिटासाठी बाजूला ठेवलेले होते. त्यामुळे उन्हाळ्यात येणं होणार नाही, एकदम छोटूच्या लग्नालाच येईन. लग्नाचं तिकीट काढलंय, त्यात बदल नाही. आई, तू दिवस मोजत होतीस हे मला माहीत आहे.

पण येताना बाबांची भिंत घेऊन येते. कापलेले तुकडे सपाट असतात, बॅगेत कपड्यांखाली सहज मावतील, आणि जोडायला गोंदही नको. बाबा, तुमचा रंधा, दोन्ही पटाश्या आणि छोटी करवत पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो पाठवा. शेजारी मोजपट्टी हवी. छोटूला बरोबर वरून काढायला सांगा, तिरका आला तर माप चुकतं.

तुमची,
ताई