कट म्हणायचा अधिकार

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

फोनवर परवा तू म्हणालीस, "आई, पिस्तुलाने नेम धरताना हात हलायचा थांबतच नाही गं." त्यावर मी काहीतरी गुळमुळीत बोलले. आता सविस्तर लिहिते.

हात कुणाचाच थांबत नाही. ऑलिंपिकच्या फायनलला उभे असतात त्यांचाही नाही. आपल्या दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये पिस्तूल एकाच हातात धरायचं, मनगटाला कसलाही आधार द्यायचा नाही, हा नियमच आहे. छातीत ठोके चालू, श्वास चालू, तर नळी डोलणारच. पण तिचं डोलणं तुला वाटतं तेवढं घातक नाही. गणितच करून बघ. निशाणावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि रेषेला नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे दोन्ही साइट (नळीच्या टोकावरचा खुंट आणि मागची खाच) जुळलेल्या असतील तर अख्खा हात पाच मिलिमीटर बाजूला सरकला तरी दहाच. उलट फ्रंट साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर जरी कलली, तरी दहा मीटरवर पोचेपर्यंत त्याचे पंचवीस-तीस मिलिमीटर होतात, कारण दोन साइटमधलं अंतर असतंच जेमतेम पस्तीस सेंटिमीटर. गेला शॉट सातात. तेव्हा डोळा फ्रंट साइटवरच राहू दे. काळं वर्तुळ धूसर दिसायला हवं. ते स्वच्छ दिसायला लागलं की समजायचं, नजर पळाली.

मी नेमबाजी शिकत होते तेव्हा कोच हे सांगायचे, ते बाकीच्यांना चमत्कारिक वाटायचं, मला नाही. माझं पोटच त्यावर चालत होतं. तू जन्मायच्या आधी मी कॅमेरा असिस्टंट होते, हे तुला माहीत आहे. पण नेमकं काय करायचे ते तू कधी विचारलं नाहीस. सुरुवातीला काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून, नुसत्या स्पर्शावर, कॅमेऱ्याच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे फिल्मच्या डब्यात, फिल्म भरायची. मग टेकच्या सुरुवातीला क्लॅपची पाटी वाजवायची. मग बढती मिळाली आणि फोकसवर आले. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमनी धावते, चारशे फुटांचं रीळ साडेचार मिनिटांत संपतं, त्यामुळे प्रत्येक टेकमध्ये पैसे जळताना ऐकू यायचे. ८५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर दोनवर (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं), नटी अडीच मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा आठ-नऊ सेंटिमीटरचा. ती जरा पुढे झुकली की डोळे पट्ट्याबाहेर. आणि गंमत म्हणजे फोकस ज्याच्या हातात, तो लेन्समधून बघतच नाही. बघतो ऑपरेटर. आम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून, टेपने मोजलेली अंतरं आणि जमिनीवरच्या खुणा यांच्या भरवशावर रिंग फिरवायची. बरोबर होतं की नाही, ते फिल्म धुऊन आल्यावर रशेसमध्ये, म्हणजे कच्च्या प्रिंटमध्ये, कळायचं. आज मॉनिटर असतात. तरी मला वाटतं, अंतर डोळ्यांनी मोजता येणं हे आमच्या पिढीने कमावलेलं चांगलं हत्यार होतं.

इथवर दोन्ही कामं बहिणी-बहिणी. एका बाबतीत मात्र ती पार उलटी आहेत, आणि मला तेच तुझ्या कानावर घालायचं आहे.

सेटवर 'कट' म्हणायचा अधिकार दिग्दर्शकाचा. फोकस गेल्याचं तुला कळलं, कॅमेऱ्याची ट्रॉली दचकली, काही झालं तरी तू थांबवायचं नाहीस. टेक संपेपर्यंत मान खाली घालून काम करायचं, मग हळूच सांगायचं. नटाचं त्या टेकमध्ये काहीतरी अपूर्व घडत असेल, त्यात तू आडवी येणारी कोण? हे शहाणपणाचंच आहे. पण हीच शिस्त अंगात मुरलेला माणूस नेमबाजीच्या रेंजवर आला की ती त्याला नडते. नेम धरून आठ-दहा सेकंद गेली, डोळा थकला, साइट थरथरायला लागली, तरी तो 'आता घेतलाय तर पुरा करू' म्हणून ट्रिगर ओढतो. रेंजवर कट म्हणणारं दुसरं कुणी नसतं.

त्यावर आमच्या कोचनी एक अख्खं सेशन छर्रा न भरता घालवायला लावलं होतं. उचला, साइट जुळवा, बोट ट्रिगरवरून काढा, खाली आणा. बस. ते संपल्यावर खांद्यापेक्षा डोकं जास्त दुखत होतं.

तुला आता साठ शॉटला ७५ मिनिटं असतात, त्याआधी पंधरा मिनिटं तयारी आणि साइटिंगची, म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटची. (आमच्या वेळी बायकांना चाळीसच शॉट असायचे. २०१८ पासून पुरुषांइतके साठ झाले. फार आधी व्हायला हवं होतं.) म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. उचलून, नेम धरून, सोडायला वीस सेकंद पुरतात. बाकीचा वेळ कशासाठी ठेवलाय, असं तुला वाटतं? न पटलेला शॉट मोडायलाच.

एकदा दिग्दर्शकाला कळलं की मी पिस्तूल नेमबाजी करते. हीरोला पिस्तूल धरायला शिकव म्हणाले. मी आमच्या पद्धतीने निशाणाकडे खांदा करून उभी राहिले, एक हात लांब, दुसरा पँटच्या खिशात. ते म्हणाले, "ही काय बसची वाट बघतेय?" हीरोला शेवटी दोन हातांनीच धरायला लावलं, आणि ब्लँकचा (गोळी नसलेल्या काडतुसाचा) बार झाला की तो प्रत्येक टेकला डोळे मिटायचा. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचने तसाच खिशात हात घालून मिश्र सांघिकमध्ये रौप्यपदक घेतलं आणि जगभर त्याचा फोटो फिरला, तेव्हा मला त्या दिग्दर्शकांना फोन करावासा वाटला होता.

घरी रोज थोडं ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर ओढणं) कर, कोऱ्या भिंतीसमोर. निशाण नको, फक्त साइट. आणि शनिवारच्या मॅचनंतर मला स्कोअर नंतर सांग. आधी सांग, किती वेळा हात खाली आणलास.

तुझी,
आई