बाळकृष्ण केसकर आणि रेडिओवरची बंदी

संपादक साहेब, नमस्कार.

गाण्यांवरच्या बंदीचा विषय निघाला की सगळे लगेच आणीबाणीतल्या किशोरकुमारवर येतात, १९७६ साली आकाशवाणीवर त्याची गाणी बंद झाली ते खरंच आहे, पण त्याच्या कितीतरी आधी आपल्याच एका पुणेकराने अख्खं फिल्मी संगीत रेडिओवरून जवळजवळ गायब केलं होतं ते कुणाला आठवतच नाही! बाळकृष्ण केसकर, १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी मंत्री. आता लेखी बंदी वगैरे नव्हती हां, आधी गाण्यांचा वेळ कापला, मग सिनेमाचं नाव सांगायचं नाही कारण म्हणे ती फुकटची जाहिरात, मग निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. झालं काय, तर लोकांनी सरळ श्रीलंकेचा रेडिओ सिलोन लावला. त्यावरची बिनाका गीतमाला, म्हणजे फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम, मुंबईत रेकॉर्ड व्हायची आणि कोलंबोहून ऐकू यायची, म्हणजे आपलीच गाणी आपण परदेशातून ऐकत होतो, कमाल आहे की नाही? शेवटी १९५७ ला सरकारला फिल्मी गाण्यांसाठी विविध भारती काढावीच लागली.

केसकरांनी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, बड्या गवयांना घराघरात पोचवलं, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण त्यासाठी दुसऱ्याचं गाणं कशाला बंद करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

आपला,
एक जुना रेडिओवेडा, डोंबिवली