काका, तुमची वही अजून माझ्याकडे आहे

काका, सप्रेम नमस्कार.

मी तुम्हाला आठवते की नाही माहीत नाही. २००५ सालची गोष्ट, न्यू जर्सीत एडिसनला आमची आणि तुमच्या मुलाची एकच बिल्डिंग होती, तुम्ही ठाण्याहून सहा महिन्यांसाठी आला होतात आणि मी नाशिकहून दहावी करून नुकतीच आले होते. तुमचा ठाण्याचा नंबर कधीचाच लागत नाही म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. वाचणाऱ्यांपैकी कुणाला हे काका ओळखीचे वाटले तर प्लीज त्यांच्यापर्यंत पोचवा.

आज लिहायचं कारण असं झालं की मागच्या महिन्यात माळ्यावरच्या खोक्यात माझा जुना टीआय-८३ प्लस, म्हणजे शाळेतला ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर, सापडला. मुलीने चार ट्रिपल ए सेल घातले आणि चालू केला. रॅम, म्हणजे सेल गेले की पुसली जाणारी मेमरी, अर्थातच रिकामी, पण प्रोग्रामची यादी उघडली तर सगळी नावं जागेवर, प्रत्येकाच्या आधी ती आर्काइव्हची, म्हणजे कायम टिकणाऱ्या मेमरीची, चांदणी, आणि यादीच्या तळाशी ओळीने थीटा या ग्रीक अक्षरापासून सुरू होणारी तुमची नऊ नावं. मला अक्षरशः भरून आलं हो.

तेव्हाची माझी अवस्था तुम्हाला माहितीये. नाशिकला दहावीच्या पेपरात साधा कॅल्क्युलेटर चालत नव्हता आणि इथे शाळेत पहिल्याच आठवड्यात हा ग्राफवाला घेऊन या म्हणाले. मला त्यात प्रोग्राम लिहिता येतो हे कळल्यावर मी वेडीच झाले, एक भलामोठा प्रोग्राम लिहीत सुटले, मेनू, मेनूतून गोटू (म्हणजे प्रोग्राममध्ये दुसरीकडे उडी), गोटूतून आणखी गोटू. वर्गमुळाला साधं रूप द्यायचा तुकडा, म्हणजे ७२ चं वर्गमूळ म्हणजे ६ गुणिले वर्गमूळ २ असं करून देणारा, तो मला चार प्रोग्रामांत लागत होता म्हणून मी रिकॉल (एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्यात ओतायची सोय) वापरून चारही ठिकाणी तसाच्या तसा ओतून ठेवला होता. मग त्यात चूक सापडली, दोन ठिकाणी दुरुस्त केली, दोन ठिकाणी विसरले, आणि एकाच गणिताची दोन उत्तरं यायला लागली. बाकावर बसून रडवेली होऊन बटणं दाबत होते तेव्हा तुम्ही विचारलंत, काय गं, काय बिघडलंय?

तुम्ही तो कॅल्क्युलेटर त्याआधी कधी हातात धरला नव्हता. पण आत झेड-८० प्रोसेसर आहे म्हटल्यावर तुमचा चेहरा काय खुलला होता! तरुणपणी त्याच प्रोसेसरच्या किटवर तुम्ही हेक्समध्ये, म्हणजे थेट आकड्यांच्या संकेतात, प्रोग्राम भरले होते म्हणे. मग तुम्ही मला पहिली गोष्ट सांगितलीत की तो तुकडा चार ठिकाणी ओतायचा नाही, त्याला स्वतःचं नाव द्यायचं, वेगळा प्रोग्राम करायचा आणि जिथे लागेल तिथे हाक मारायची. आणि त्याच्या शेवटी स्टॉप नाही, रिटर्न. स्टॉप लिहिलं की हाक मारणाराही तिथेच संपतो, रिटर्न लिहिलं की काम जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू.

मी तसं केलं आणि लगेच दुसरा घोळ. पाच गणितं एकामागून एक सोडवणारा लूप होता माझा, पहिलं उत्तर आलं आणि मधली तीन गाळून एकदम पाचवंच. मला वाटलं मशीन बिघडलं. तुम्ही लूपमध्ये आय ची (कितवं गणित चाललंय ते मोजणाऱ्या अक्षराची) किंमत दाखवणारी एक ओळ टाकलीत, खाली थांबायला पॉज, आणि म्हणालात आता बघत बस. पहिली संख्या १२ होती. माझा लूप आय वर चालत होता, आणि वर्गमूळवाल्या प्रोग्रामच्या आतला लूपही आय वरच, २ पासून १२ च्या वर्गमुळापर्यंत. तो संपताना आय ४ वर सोडून जायचा, परत आल्यावर माझा लूप त्यात एक मिळवायचा, झाले ५. या मशीनमध्ये प्रत्येक प्रोग्रामची स्वतःची अक्षरं नसतात, ए ते झेड आणि थीटा अशी सत्तावीस, ती सगळ्यांना मिळून. असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, तुम्ही आधी रजिस्टरमधले आकडे स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या एका ढिगावर, ढकलून ठेवायचात आणि परत येताना काढून घ्यायचात, इथे ती सोय नाही, मग वाटणी करायची. ए ते एच मुख्य प्रोग्रामला, जे ते डब्ल्यू हाकेला येणाऱ्यांना, आणि एक्स-वाय कुणालाच नाही कारण ग्राफ काढला की मशीन स्वतःच त्यात काहीतरी टाकतं.

आणि मग ती वही! दोनशे पानी, तुम्ही स्वतः दुकानातून आणलीत. एका पानाला एक प्रोग्राम आणि पानावर चार रकाने: काय घेतो, काय देतो, कुणाला हाक मारतो, आणि चौथा "खरकटी". म्हणजे हा प्रोग्राम कोणती अक्षरं वापरून तशीच टाकून जातो. हा शब्द मला इतका आवडला की आजही ऑफिसमध्ये कुणाचं फंक्शन बाहेरचं काही बदलून ठेवताना दिसलं की माझ्या मनात आधी खरकटं हाच शब्द येतो.

प्रोग्रामांमधली देवघेव फक्त आन्सरमधून, म्हणजे मशीन शेवटचं उत्तर जिथे ठेवतं तिथून, करायची हा तुमचा नियम होता. हाक मारायच्या आधी संख्या आन्सरमध्ये ठेवायची, आतल्या प्रोग्रामने पहिल्याच ओळीत ती आपल्या अक्षरात उतरवून घ्यायची, कारण आन्सर फार नाजूक, पुढचा हिशोब झाला की गेलाच. परत देताना दोन आकडे असतील तर एकच यादी करून द्यायची. नावं थीटाने सुरू करायची युक्तीही तेव्हाचीच, थीटा यादीत झेडच्याही खाली जातो म्हणून वर फक्त चालवायचे प्रोग्राम दिसतात.

तुम्ही जानेवारीत परत गेलात. त्यानंतर एका परीक्षेआधी आमच्या बाईंनी सगळ्यांची मेमरी पुसायला लावली, त्यांचंही बरोबर होतं, पण माझी महिन्यांची मेहनत एका मिनिटात गेली. काका, एका रात्रीत सगळं परत उभं राहिलं! वहीत बघत एकेक आठ-दहा ओळींचा प्रोग्राम भरत गेले, आधी कुणालाही हाक न मारणारे, मग त्यांच्यावर अवलंबून असलेले. जुना भलामोठा प्रोग्राम असता तर मी नादच सोडला असता. त्यानंतर मात्र सगळे आर्काइव्हमध्ये ठेवायला लागले, वापरायच्या आधी हाताने बाहेर काढायचे, एखादा राहिला तर मशीन लगेच अडायचं. मैत्रिणीला केबलने प्रोग्राम दिला आणि तिच्याकडे तो चालेचना तेव्हाही तुमचा तिसरा रकाना कामाला आला, त्यातले दोन पाठवायचे राहिले होते.

वर्गमुळाच्या पानावर तळाशी तुमच्या हातची एक ओळ आहे, पेन्सिलने लिहिलेली: "ऋण संख्या आली तर?" तेव्हा ती आली की मशीन नॉनरिअल (उत्तर वास्तव संख्या नाही) म्हणून थांबायचं आणि मी तसंच चालवून घेत राहिले. गेल्या रविवारी मुलीला शेजारी बसवून ते केलं. प्रोग्राम आता आधी चिन्ह बाजूला काढून ठेवतो, धन संख्येवर नेहमीचं काम करतो आणि शेवटी चिन्ह परत लावतो. उणे ७२ दिलं, ६ आणि उणे २ आलं. त्यासाठी आणखी एक अक्षर लागलं, पी. ते तुमच्या प्रश्नचिन्हाखाली खरकट्यांत लिहून ठेवलंय.