शेन्झेनआधी डोंगग्वान पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दक्षिण चीनमधल्या पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. मासेमारांच्या खेड्याला करमाफी मिळाली आणि तिथे शेन्झेन हे महानगर उभे राहिले, ही कहाणी आपण आणखी किती वर्षे छापणार? 1979 मध्ये बाओआन काउंटीचे शेन्झेन शहर झाले तेव्हा तिथे तीन लाखांवर लोक राहत होते. जुने शेन्झेन तर हाँगकाँगच्या वेशीला लागून, कौलून-कँटन रेल्वेवर वसलेले बाजाराचे गाव होते.

राहिली करमाफी. ती देणारे शेन्झेनचे विशेष आर्थिक क्षेत्र 26 ऑगस्ट 1980 रोजी मंजूर झाले. शेजारच्या डोंगग्वानमधल्या हुमेन इथला ताइपिंग हँडबॅग कारखाना त्याआधी, सप्टेंबर 1978 मध्येच सुरू झाला होता. डोंगग्वान विशेष आर्थिक क्षेत्रात कधीच नव्हते, तरीही तिथे गावोगावी कारखाने झाले. ते कसे, याचे उत्तर लेखात एका ओळीनेही नाही.

उत्तर आहे जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेले काम. भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. चिनी भाषेत त्या पद्धतीचे नाव 'सान लाय यी बू', म्हणजे तीन येणी आणि एक भरपाई. कच्चा माल बाहेरून येणार, नमुना बाहेरून येणार, जोडणीचे सुटे भाग बाहेरून येणार. आणि बाहेरून आलेल्या यंत्रांची किंमत मालातून किंवा मजुरीतून फेडायची. हाँगकाँगचा व्यापारी कापड, चामडे, चेन, बकल पाठवी. जागा, वीज आणि माणसे गावाची. नगावर ठरलेली मजुरी परकीय चलनात येई, तिच्यातून यंत्राचा हप्ता वळता होई. जमीन गावाच्या सामूहिक मालकीची असल्यामुळे भाडे गावातच राही. म्हणून तर गावांनी भाडेकरू ठरण्याआधीच तीन-चार मजली गाळे बांधायला सुरुवात केली.

यात खरी मेख कस्टमच्या वहीत होती. आलेल्या मालावर आयातीची जकात नसे, पण एका नगाला किती माल लागतो आणि कटिंगमध्ये किती घट जाते, हे आधी नोंदवावे लागे. घट जास्त दाखवली तर वाचलेला माल जकात न भरता स्थानिक बाजारात जाई, आणि ती तस्करी ठरे. कमी दाखवली तर ठरलेले नग पुरे होत नसत, वहीचा हिशेब मिटत नसे आणि पुढचा माल अडकून पडे. हा हिशेब बसवायला गावोगावचे कारखाने शिकले. माझ्या मते त्या प्रदेशाची खरी कमाई हीच. दुसरी गोष्ट पैशाची. 1980 पासून पाच वर्षे, हा सगळा भाग ज्यात येतो त्या ग्वांगडोंग प्रांताने केंद्राला दरसाल ठरावीक 100 कोटी युआन द्यायचे होते. वरचा महसूल प्रांताचा. त्यामुळे नवा कारखाना आला की स्थानिक अधिकाऱ्यालाही त्यात रस असे.

'आपणही असे क्षेत्र वेळीच काढले असते तर' असे लेखक हळहळतात. अंधेरीचे सीप्झ हे निर्यात क्षेत्र 1973 पासून आहे! शेन्झेनच्या सात वर्षे आधीचे. पण सीप्झ शंभर-सव्वाशे एकरांचे, शेन्झेनचे क्षेत्र 327.5 चौरस किलोमीटरचे, आणि त्याच्या कुंपणाबाहेरच्या गावांनाही मजुरीचे काम घेण्याची मुभा होती. तुलना करायची तर या मुद्द्यावर करा.

सर्वांत जास्त खटकले ते हे, की ज्यांनी हे सगळे हातांनी केले त्या परप्रांतीय कामगार मुली लेखात कुठेच नाहीत. 19 नोव्हेंबर 1993 रोजी शेन्झेनच्या क्वेइयोंगमध्ये झिली खेळणी कारखाना जळाला, 87 कामगार गेले. तळमजल्यावर माल साठवलेला, खिडक्यांना गज, बाहेर पडायची दारे कुलूपबंद. गोदाम, काम आणि झोपायची जागा एकाच इमारतीत ठेवणारे कारखाने त्या पट्ट्यात पुष्कळ होते. निर्यातीच्या आकड्यांना तुम्ही अर्धे पान दिलेत, त्या मुलींना दोन ओळी देता आल्या असत्या.

जाता जाता नकाशाबद्दल. त्यात सुचौ पर्ल नदीच्या मुखाशी दाखवले आहे. सुचौ यांगत्सेच्या त्रिभुज प्रदेशात, शांघायजवळ आहे. शिवाय ग्वांगझोउचे नाव एकाच पानावर तीन वेगवेगळ्या प्रकारे छापले आहे. शाळकरी मुले हे नकाशे कापून वहीत चिकटवतात. दुरुस्ती छापावी, आणि ती नकाशाएवढ्याच जागेत छापावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक