चित्र दिलंत, आणि चांगलं दिलंत

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव या पत्रात येणार नाही, ही तुमची अट. आमच्या केंद्राच्या लिलावासाठी तुम्ही दिलेलं चित्र कितीला गेलं तो आकडा जाहीर करायचा नाही, ही दुसरी. दोन्ही पाळतो. आभार मात्र चारचौघांतच मानणार. त्याला तुम्ही मनाई केली नव्हती, आणि केली असती तरी मी ऐकणाऱ्यातला नाही.

ज्यांना आमची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्यात पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर आमचं रुग्णसाहित्य केंद्र चालतं. वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, एअर बेड, डोकं-पाय वर करता येणारा फाउलर बेड, ऑक्सिजन कॉन्संट्रेटर. अनामत भरायची, वस्तू घरी न्यायची, गरज संपली की धुऊनपुसून परत आणायची आणि अनामत घेऊन जायची. (धुऊनपुसून हा भाग लोक सोयीस्कर विसरतात.) २०२१च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लोकांनी कॉन्संट्रेटर भरभरून दिले, आणि आता त्याच यंत्रांची रड आहे. कॉन्संट्रेटर प्राणवायू तयार करत नाही. आत झिओलाइटचे बारीक खडे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरलेला प्राणवायू नळीतून पुढे जातो. हे खडे दमट हवेने कालांतराने निकामी होतात. यंत्र घरघरत राहतं, नळीतून हवाही येत राहते, पण प्राणवायू नव्वद टक्क्यांच्या आसपास असायला हवा, तो मीटर लावून बघावा तर सत्तरसुद्धा भरत नाही. घरच्यांना पत्ताच नसतो. ही यंत्रं बदलायला पैसे हवे होते, म्हणून लिलावाची टूम निघाली.

कार्यकारिणीच्या बैठकीत पहिलं वाक्य आलं ते असं: “चित्रकार मंडळी देतात हो, त्यांच्याकडे पडलेलीच असतात.” हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलं असेल कुणास ठाऊक! गायक बोलावला तर त्याचं मानधन नाही तरी गाडीभाडं विचारतात, मांडववाल्याला पैसे कमी करायला सांगतात पण देतात. चित्रकाराकडे मात्र सरळ वस्तूच मागायची, आणि वर त्याला ‘तेवढीच प्रसिद्धी’ म्हणायचं. दुसऱ्या एका सदस्याने चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचा दाखला दिला. २०१३ साली मुंबईत त्यांचं चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं, म्हणजे ॲबस्ट्रॅक्टला, अमूर्त चित्रांना, मार्केट आहे, असा त्यांचा युक्तिवाद. गायतोंडे २००१ मध्येच गेले होते आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं करणारा तो माणूस वर्षानुवर्षं दिल्लीत एका छोट्या जागेत राहिला, हे त्या युक्तिवादात कुठे बसवायचं ते मला कळेना.

मी खजिनदार. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे माझं डोकं आधी हिशेबाकडे वळतं. कॅनव्हास, तो ताणायची लाकडी चौकट, रंग, जागेचं भाडं, महिनोन्‌महिन्यांची मेहनत, हे सगळं तुमचं. बदल्यात तुम्हाला करात काय सूट? शून्य. आयकरातली देणगीची वजावट पैशाच्या देणगीला मिळते, वस्तू दिली तर नाही. मग ती वस्तू वॉकर असो की तुमचं चार फुटी चित्र. हे मी तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं, कारण नंतर कळून कुणाचा विरस व्हावा हे मला आवडत नाही. तुम्ही म्हणालात, “माहीत आहे. चहा घेणार ना?”

स्टुडिओत भिंतीला पाठ करून चित्रांची एक ओळ उभी होती. आमच्या अध्यक्षांनी मोठ्या समजूतदारपणे तिकडे हात केला, “यातलं एखादं, तुम्हाला नको असलेलं.” तुम्ही त्या ओळीकडे पाहिलंही नाहीत. समोरच्या भिंतीवर टांगलेलं, पुढच्या प्रदर्शनासाठी ठेवलेलं चित्र उतरवायला घेतलंत. अध्यक्ष गडबडले. तेव्हाचं तुमचं वाक्य मी घरी येऊन डायरीत लिहिलं: “जे मला माझ्या नावावर विकायला लाज वाटेल, ते तुमच्या पेशंटच्या नावावर कसं विकू?”

आणि मग राखीव किंमत. त्यावरून आमच्याकडे बरीच कुरबुर झाली, तुमच्या कानावरही गेली असणार. दानच करायचंय तर खालची मर्यादा कशाला, येईल ते येईल, असा सूर होता. पण लिलावात एखादं चित्र मातीमोल गेलं की ते सगळीकडे पसरतं, आणि त्याच चित्रकाराचं चित्र ज्यांनी आधी पूर्ण किमतीला घेतलंय त्यांना फसल्यासारखं वाटतं. पुढच्या गॅलरीत घासाघीस त्या आकड्यापासून सुरू होते. म्हणजे एका संध्याकाळच्या दानाची किंमत चित्रकार पुढची काही वर्षं मोजत बसतो. बँकेत तारण मालमत्तेच्या लिलावाला राखीव किंमत असते तेव्हा कुणी कुरबुर करत नाही. तुम्ही अडून बसलात ते बरं केलंत.

लिलाव मंगल कार्यालयात. स्टेजवर वधूवरांच्या सोनेरी खुर्च्या, छताला रांगेने ट्यूबलाइट, भिंती गुलाबी. तुम्ही दारात उभ्या राहून एकवार सगळं न्याहाळलंत, आणि मला वाटलं आता चित्र परत टेम्पोत जाणार. पण तुम्ही विचारलंत, “लाइटचं कोण बघतं?”

आमच्या गल्लीतला, गणपतीत देखाव्यांचं लायटिंग करणारा मुलगा तिथे वायरी गुंडाळत होता. तुम्हाला वरून तिरका प्रकाश हवा होता. तो म्हणाला, “तीस अंशाला घेऊ का मॅडम? समोरून मारला की मूर्तीचा चेहरा सपाट होतो.” पुढचा तासभर तुम्ही दोघं शिडीशी. बाकी कुणाला विचारायची सोयच नव्हती. ट्यूब बंद केल्या, गुलाबी भिंतीपुढे मांडववाल्याचा जाड पांढरा पडदा लावला, आणि दोन दिवे तिरके लागले. तोवर मला ते चित्र म्हणजे एक राखाडी-तपकिरी पट्टा वाटत होतं. प्रकाश तिरका झाला आणि खरवडलेल्या रेघा वर आल्या. तुम्ही रंगाचे थर देऊन ते बोहरी आळीतून आणलेल्या लांबी (पुट्टी) भरायच्या पट्टीने खरवडता, हे तुम्हीच त्या मुलाला सांगत होतात. राखाडीखाली गंजासारखा लाल, त्याखाली निळा, आणि उजवीकडे खाली बोटभर रुंदीचा पिवळा, जिथे पट्टी थांबली होती. तो मुलगा मात्र समोरून बघतच नव्हता. तो कॅनव्हासच्या कडेला डोळा लावून उभा होता. कडेवर सगळ्या थरांचे ओघळ शाबूत होते, आधी कुठला रंग आणि मागाहून कुठला, सगळं वाचता येत होतं. तुम्ही फ्रेम का केली नाही ते त्याच्यामुळे मला समजलं.

लोक यायला लागले आणि अपेक्षेप्रमाणे प्रश्न सुरू झाले. यात आहे काय? हे सरळच लावलंय ना? एका काकूंनी तर चित्रकार रझांचं नाव काढून “रझांचं कसं, निदान तो बिंदू तरी असतो” असं ऐकवलं. मी आपला ठेवणीतला तराण्याचा दाखला (बोलांना अर्थ नसतो तरी आपण ऐकतोच ना!) काढणार, तेवढ्यात तुम्ही मला मानेनेच गप्प केलंत. समजावणं नाहीच. प्रत्येकाला एकच विचारायचात, “तुमची नजर कुठे अडते?” एक गृहस्थ बराच वेळ उभे राहिले आणि जरा चिडूनच म्हणाले, “तो पिवळा मला त्रास देतोय.” तुम्ही म्हणालात, “मलाही फार दिला.” त्यावर ते हसले, खुर्ची ओढून चित्रासमोरच बसले. पुढे बोलीत ते बऱ्यापैकी वर गेले, मग बायकोकडे बघून थांबले.

पुकारा करणारे आमचे मित्र नाटकातले. आवाज खणखणीत, आणि भावनेला हात घालण्यात तरबेज. चांदीच्या तबकाला त्यांनी पेशंटच्या श्वासाची आठवण करून दिली, पैठणीला पुण्यसंचयाची. तुम्ही त्यांना आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, “माझ्या चित्राच्या वेळी पेशंटचं नाव काढू नका. चित्राचा आकार सांगा, माध्यम सांगा, वर्ष सांगा.” त्यांचा चेहरा पडला होता. पण त्यांनी शब्द पाळला. कॅनव्हासवर ॲक्रिलिक, चार फूट बाय तीन, एवढंच म्हणाले आणि गप्प बसले. तसा माणूस गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. बोली राखीव किमतीपासून सुरू झाली आणि एक वार, दोन वार, तीन वार होईपर्यंत तिच्या दुपटीच्या पुढे गेली होती.

ज्या बाईंनी घेतलं त्या मागच्या रांगेत होत्या. पावती करायला टेबलापाशी आल्या तेव्हा मी सवयीने केंद्राचं माहितीपत्रक पुढे केलं. त्या म्हणाल्या, “हे घरी वाचते. आधी सांगा, भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिथे लावलं तर चालेल?” तुम्ही मागे उभ्या होतात. तुमचा चेहरा इतका खुललेला मी त्याआधी पाहिला नव्हता. ओलीची भिंत नको, समोरून ऊन नको, पुसायला ओलं फडकं तर मुळीच नको, हे तुम्ही त्यांना पंधरा मिनिटं समजावत होतात. आमच्यावर उपकार म्हणून नव्हे, हवं होतं म्हणून त्यांनी चित्र घेतलं. आमच्या खात्यात पैसे कुठल्याही कारणाने आले असते तरी तेवढेच आले असते, हे खरं. तरीही मला त्याचं अप्रूप वाटलं, कारण त्या संध्याकाळी टेबलावरच्या बाकीच्या वस्तू बहुतेकांनी कर्तव्य म्हणून उचलल्या होत्या.

नवीन कॉन्संट्रेटर आले. जुन्यांपैकी ज्यांचे खडे बदलणं परवडलं तेही दुरुस्त झाले. प्राणवायू मोजायचं मीटर आता केंद्रातच आहे, यंत्र बाहेर पडताना आणि परत येताना दोन्ही वेळा तपासतो. सगळा जमाखर्च दारावरच्या फळ्यावर लावलाय, कुणीही येऊन बघावा. दुपारी एक ते चार सोडून.

मागच्या बैठकीत एक ठराव केला तोही कळवतो. यापुढे कुठल्याही कलावंताकडे ‘पडलेलं’ मागायचं नाही, राखीव किंमत त्याने ठरवायची, एका चित्रकाराला पाच वर्षांत एकदाच विचारायचं, आणि साहित्याचा व वाहतुकीचा खर्च केंद्राने द्यायचा. शेवटचं कलम मागच्या तारखेपासून लागू केलंय, म्हणून तुमचा चेक पोस्टाने पाठवला आहे. तुम्ही तो पुस्तकात खूण म्हणून ठेवाल अशी मला दाट शंका आहे. चेक तीन महिन्यांनी बाद होतो आणि मग मला ताळेबंदात तो लोंबकळता दाखवावा लागतो. कृपा करून वेळेत भरा.

आपला नम्र,
खजिनदार, रुग्णसाहित्य केंद्र
पुणे